औंदा दोन अमरदाद

प्रिय साखरा,

‘प्रिय’ लिहिलं म्हणून रागावू नकोस, आणि राग आलाच तरी पुढचं वाचल्याशिवाय हे चुलीत घालू नकोस. पत्र लांब आहे. जोडाक्षर आलं की तू थांबतेस आणि ओठ हलवून ओळ पुन्हा पहिल्यापासून धरतेस, हे मला माहीत आहे. म्हणून होईल तेवढं सोपं लिहितोय आणि अक्षरही मोठं काढतोय. जिथं अडेल तिथून पुढं जा, मागं फिरू नको. छबुताईला वाचून दाखवलंस तरी चालेल, पण मधले काही भाग गाळून. कोणते ते तुझं तुला कळेल. आप्पा समोर बसले असतील तर मात्र आत्ताच घडी घालून कमरेला खोच आणि दाजींच्या फुटाण्याच्या भट्टीमागं जाऊन वाच. आप्पांच्या कानावर यातलं एक अक्षरही पडता कामा नये. का, ते सांगतो, पण माझ्या पद्धतीनं सांगू दे. एकदम सांगितलं तर तू पहिल्यांदा मला शिव्या देशील आणि मग पुढचं वाचणारच नाहीस.

पत्र आणणाऱ्या सलीमला तू ओळखतेस. गेवराईच्या वेशीजवळ फळं विकतो तोच. रायवळ आंब्याच्या पाट्या घेऊन तो वडवणीच्या बाजाराला निघालाय. टपालात टाकलं असतं तर हे बीडला जाऊन, तिथं मुक्काम करून, छबुताई पुन्हा बाळंत व्हायच्या सुमाराला तुझ्या हातात पडलं असतं. मी गेवराईतच आहे. जागा गार आहे, भिंती जाड आहेत. खिडकी तेवढी उंच, त्यामुळं रस्त्यानं कोण चाललंय ते नुसतं पावलांवरून ओळखायचं. दौत आणि बोरू इथल्या इसाक चपराशानं दिले. बोरूचं टोक बसलं की तो स्वतःच तासून देतो, कारण चाकू माझ्या हातात द्यायचा नाही असं त्याला बजावलेलं आहे. माणूस लई भला. पत्र कुणाला चाललंय ते मी सांगितलं नाही तरी त्यानं ओळखलं, आणि तेव्हापासून दौत भरायला आला की उगाच घसा खाकरतो.

बाळ कुणावर गेलंय? आईकडून एवढंच कळलं की मुलगा झाला आणि रडका आहे. म्हणजे दाजींवरच गेला असणार. तू अखातीच्या दुसऱ्या दिवशी गाडीत बसलीस तेव्हा बाळंतपणाला बराच अवकाश होता. तू छबुताईसाठी गेली नाहीस, माझ्यावर रागावून गेलीस, हे आख्ख्या भोईवाड्याला ठाऊक होतं; फक्त आप्पांना वाटत होतं की पोरीला बहिणीची लई माया. गाडी निघाली तेव्हा मी पिंपळाखाली उभा होतो. तू बैलांकडं पाहिलंस, गाडीवानाकडं पाहिलंस, कुत्र्याकडंसुद्धा पाहिलंस. त्याच्या आदल्या दिवशी घाटावर तू मला जे बोललीस ते मी तेव्हापासून डोक्यात घेऊन हिंडतोय. ‘म्या तुला परत ये म्हणलं व्हतं का? शिकून ये म्हणलं व्हतं.’

म्हणाली होतीस. मी कुठं नाही म्हणतोय? पण साखरा, तू कधी हैद्राबादच्या कॉलेजात तर्कशास्त्राच्या तासाला बसली नाहीस. मास्तर शिकवत होते की अमुक असेल तर तमुक होतं, आणि माझ्या खिशात बापानं गावच्या पंतोजीकडून लिहवून घेतलेलं पत्र होतं. सगळं पत्र म्हशीचं, शेवटी एकच ओळ अशी की आसारामच्या धाकटीला, म्हणजे तुला, पैठणकडचं स्थळ आलंय, पोराची स्वतःची नाव आहे, परवाना आहे, जमेल असं दिसतं. मी उठलो. मास्तरांनी विचारलं कुठं, मी म्हणालो घरी. ते म्हणाले, दाराबाहेर पाऊल टाकलंस तर परत येऊ नकोस. मी दार असं ओढलं की कडी माझ्या हातात आली. ती हातात घेऊनच मी स्टेशनवर पोचलो, आणि गाडी सुटल्यावर माझ्या लक्षात आलं की कपडे आणि पुस्तकं खोलीतच राहिली. असा मी शहाणा. माझ्या बापानं पुराच्या गोदावरीतून तालुकदारसाहेबांचा मेणा डोक्यावर पार नेला, आणि काय पाहिजे ते माग म्हटल्यावर दुसरं काही न मागता पोराला शिकवा म्हणाला. त्या एका खेपेवर माझं सगळं शिक्षण झालं, आणि मी ते अर्ध्यावर आणून टाकलं. तेव्हापासून बाप माझ्याशी बोलत नाही. जेवायची वेळ झाली की आईला म्हणतो, ‘कॉलेजला जेवाय बोलव.’

तू गेल्यावर मी रोज त्या जुन्या डोंग्याजवळ जाऊन बसायचो. मागच्या सुट्टीत तो डांबर लावायला उलटा घातला होता ना, त्याच्या बुडावर मी चुन्यानं अक्षरं काढायचो आणि तू जाळं सांधत बसल्याचं सोंग करून ती वाचायचीस. ‘ळ’ तुला पहिल्या दिवशी आला. म्हणालीस, ह्यो तर जाळ्याच्या गाठीवानी हाय. तेवढं बोलून तू पुन्हा खाली मान घातलीस, पण पुढचं अक्षर कोणतं काढायचं तेच मी विसरलो. आप्पा येऊन जायचे आणि त्यांना वाटायचं, पंडित डोंग्याला वाळवी लागू नये म्हणून चुना लावतोय. एकदा शाबासही म्हणाले. हा भाग छबुताईला वाचून दाखवू नको.

आता मुद्द्याचं. तू गेल्यावर थोड्याच दिवसांत तहसिलीतून इश्तिहार आला, चावडीच्या भिंतीवर डकवला गेला आणि दवंडी पिटली गेली की परवानेवाल्या भोयांनी हुकूम समजून घ्यावा. हुकूम उर्दूत. पटवारी नेकनूरला लग्नाला गेलता म्हणून आठ दिवस बेपत्ता. मग भोईवाड्याचे म्होरके म्हणून आप्पांनी माझ्या आईकरवी मला बोलावणं धाडलं. पैठणकडच्या स्थळावरून मी त्यांच्या दारात आवाज चढवल्यापासून ते माझ्याकडं पाहत नव्हते. त्या दिवशीही पाहिलं नाही, पण पिंपळाच्या पारावर मला बसायला जागा मात्र त्यांनीच करून दिली. सगळा वाडा जमला. मी एकेक कलम वाचायचो आणि आपल्या बोलीत सांगायचो. यापुढं मासे धरायला जाताना परवाना अंगावर पाहिजे. वीतभराच्या आतला मासा पाण्यात परत सोडायचा. डोहात झाडपाल्याचं विष कालवायचं नाही. जाळ्याचं घर चार बोटांपेक्षा लहान नको. यावर सुग्रीवानं विचारलं, चार बोटं कुणाची, तहसीलदाराची का आपली? त्याची बोटं कलम धरणारी, आपली वल्हं मारणारी, मासा कुणाच्या बोटानं निसटायचा ते आधी ठरू द्या. सगळे हसले, आणि मी पुढच्या कलमावर बोट ठेवलं.

शेवटचं कलम बंदीचं होतं. एक अमरदादपासून मेहेर संपेपर्यंत, म्हणजे सरकारी सालाचे तीन महिने, नदीत जाळं पडता कामा नये, कारण त्या दिवसांत मासा अंडी घालायला वर चढतो. परवानेवाल्याचं जाळं सापडलं तर परवाना कायमचा रद्द, आणि परवान्याबरोबर डोहही जाणार, तो सरकार दुसऱ्याला देणार. बिनपरवान्याच्या माणसाचं सापडलं तर कैद, आणि पुढं तीन वर्षं त्याला परवाना मिळायचा नाही. हे ऐकून आप्पा चक्क खूश झाले. म्हणाले, सरकारनं हे आपल्याकडूनच उचललंय. वटपौर्णिमेला बाया वडाला सूत गुंडाळतात, उरलेलं सूत घरी आणून जाळ्याला बांधतात, आणि त्या दिवसापासून जाळं झोपतं ते नारळी पौर्णिमा होईतो कुणी उठवत नाही. तुझी आई होती तोवर तुमच्या जाळ्याला ती बांधायची, आता माझी आई बांधते. आप्पांचं म्हणणं, अमरदाद म्हणजे आपलाच जेठ, वटपौर्णिमा आली की झालं.

मी म्हणालो, आप्पा, औंदा तसं नाही. औंदा धोंड्याचा महिना मधे आलाय, जेठ दोन आहेत, वटपौर्णिमा दुसऱ्या जेठात. अमरदाद त्याच्या लई आधी लागतो. यावर आप्पांनी माझ्याकडं पहिल्यांदा पाहिलं, लहान पोराकडं पाहतात तसं, आणि सावकाश म्हणाले, ‘आरं, जेठ दोन हायेत, मंग अमरदादबी दोन येतील. पयला धोंड्याचा. त्यो कुणी धरत न्हाई.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. धोंड्यात आपण लग्न धरत नाही, घर बांधत नाही, मग जाळं कसं झोपवायचं? मी परोपरीनं सांगितलं की सरकारच्या सालात धोंडा नसतो. ते त्यांना खरंच वाटेना. धोंडा नसला तर सण घसरत घसरत भलत्या ऋतूत जाणार नाहीत का? तेव्हा सुग्रीव म्हणाला की मुसलमानांच्या सणांचं असंच होतं, रमजान कधी कडक उन्हात तर कधी थंडीत. झालं. मला वाटलं आता पटेल, तर उलटंच झालं. म्हणे, सरकारी लोकांच्या घरात हा घोळ दरसाल होतोय, तर कचेरीच्या कामात ते तो कशाला करतील? तिथं त्यांनी धोंडा धरलाच असणार.

माझं डोकं तुला माहीत आहे. मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो की सरकारचा महिना काही तुमच्या वडाला बांधलेला नाही. आप्पांनी पागोटं नीट केलं आणि म्हणाले, ‘अर्धं कॉलेज करून आलास, अमरदादबी अर्धाच वाचलास.’ लोक असे हसले की पिंपळावरचे कावळे उडाले. माझे कान तापले, पण घरी जाऊन उताणा पडलो तेव्हा मलाही हसू आलं. बोलणं तुमच्या घराचंच आहे, साखरा. तुझी जीभ कुठून आली ते त्या दिवशी कळलं.

अमरदाद लागला. अर्ध्या वाड्यानं जाळी गुंडाळून ठेवली, अर्धा वाडा आप्पांकडं बघत बसला. नदीबद्दल शंका आली तर म्होरक्याचं जाळं आधी पडतं, याची कुणी आठवण करून द्यायची आप्पांनी वाट पाहिली नाही. सांजच्याला ते एकटेच गेले आणि तुमच्या कासवडोहात जाळं बांधून आले. भीती म्हणून नाही, हट्ट म्हणूनही नाही. आपण चुकलो तर पहिली चूक आपल्या घरावर यावी, एवढाच त्यांचा हिशेब. आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच तांदळाचं पीठ, गूळ आणि नातवासाठी टोपडं घेऊन ते वडवणीला निघाले, दाजींना धोंड्याचं आवतण द्यायला. ते आता तुमच्या ओसरीवर बसलेत आणि बाळाला मांडीवर घेऊन नदीच्या गोष्टी सांगत असतील. मागं काय झालं याची त्यांना गंधवार्ता नाही.

ते गेले त्याच दिवशी ऊन वर आल्यावर तहसिलीचा दरोगा दोन चपराशी घेऊन नदीकाठानं आला. कुणी चुगली केली नव्हती. त्याची फेरीच होती. कासवडोहात जाळं दिसलं. बाहेर काढलं तर आत अंड्यांनी फुगलेल्या मरळी. दरोग्यानं जाळं वाळूवर पसरलं, मासे जिवंत होते ते पाण्यात सोडले आणि विचारलं, कुणाचं? आपल्यातली रीत तुला सांगायला नको, परक्यासमोर दुसऱ्याच्या जाळ्याला नाव द्यायचं नाही. सगळा वाडा नदीकडं बघत उभा. सुग्रीव तर असा बघत होता की जणू नदी आज पहिल्यांदाच दिसली. दरोगा ओरडला नाही. त्यानं नीट समजावून सांगितलं की धनी कळला तर एकट्याचा परवाना जाईल, नाही कळला तर कळेपर्यंत आख्ख्या वाड्याचे परवाने बंद राहतील. पुन्हा विचारलं. मला दिसत होतं की तिसऱ्यांदा विचारलं की कुणाचं तरी तोंड उघडणार, वाईटानं नाही, लेकराबाळांच्या भीतीनं. आणि मला कासवडोह दिसत होता. तुमचं घर त्या डोहावर चालतं. आप्पांना मुलगा नाही. आपल्यात अशा घराचा डोह धाकट्या मुलीच्या पाठीमागं जातो. डोह गेला तर आप्पा या वयात दुसऱ्याच्या नावेवर वल्हं मारायला जाणार, आणि तेही कुणी बोलावलं तर. मी पुढं झालो आणि म्हणालो, ‘माझं हाय.’

दरोग्याला संशय आला. म्हणाला, बांधून दाखव. मी बांधलं, जरा वाकडं बांधलं, पण कॉलेजातून आलेला भोई वाकडंच बांधणार हे त्यालाही पटलं. गेवराईला तहसीलदारसाहेबांसमोर उभं केलं. साहेबांनी एकच विचारलं, गावात हुकूम वाचून कुणी दाखवला? मी म्हणालो, मीच. मग साहेबांनी कलम खाली ठेवलं. न समजून मोडणाऱ्याला एक महिना पुरे होता, म्हणाले, ज्यानं दुसऱ्यांना समजावून सांगितलं त्याला दोन. आप्पांना हे ऐकून फार मजा वाटली असती. एरवी मी स्वतः त्यांना सांगितलं असतं.

तेव्हा मी कुठं बसून लिहितोय ते तुला आता कळलंच आहे. रडू नको. रडलीस तर अक्षरं फुटतील आणि पुढचं वाचता येणार नाही. इथं काही त्रास नाही. बीडला नेतील तेव्हा बीड बघू. मला वाळवंटातून नेत होते तेव्हा ऊन एवढं होतं की वाळू फुटाण्याच्या कढईसारखी झाली होती, आणि मी अनवाणी. माझा बाप दरोग्याच्या मागून चालत आला, पायातली पायताणं काढून माझ्यापुढं ठेवली आणि तसाच त्या वाळूतून परत गेला. पण मी पायताणं घातली तेव्हा त्यानं वळून पाहिलं, ती मापाची होतात की नाही ते. काल आई भाकरी घेऊन आली होती. म्हणाली, त्या दिवशी सांजच्यालाच बायांनी वाड्यातली सगळी जाळी झोपवली. वटपौर्णिमेला अवकाश आहे, मग सूत कुठलं बांधलंत, मी विचारलं. म्हणे, ‘आमी घरचंच बांधलं. वडाला मागनं सांगू.’ जे मला पारावर उभं राहून ओरडून जमलं नाही ते माझ्या आईनं, बायनाबाईनं, असं एका ओळीत उरकलं.

आता माझं काय झालं तेही समजून घे, म्हणजे मागून कुणी सांगितलं तर तुला धक्का नको. मी परवान्याचा अर्ज करणार होतो. कॉलेज टाकून आलो ते काही नुसतं घाटावर बसून तुझ्या वाटेकडं बघायला नाही. आप्पांना डोहासाठी परवानेवाला जावई पाहिजे, तर मीही परवाना घेऊन त्यांच्या दारात उभा राहणार होतो, पैठणवाल्यासारखा. ते आता तीन वर्षं बंद. ते कलम मीच वाचून दाखवलं होतं, त्यामुळं ‘माझं हाय’ म्हणताना मला ते पाठ होतं. लोक म्हणतील, पंडितनं डोह स्वतःसाठी राखला. त्यांना म्हणावं, राखला तो पैठणवाल्यासाठीसुद्धा असू शकतो. हे लिहिताना बोरूचं टोक मोडलं. इसाकला बोलवावं लागलं. मी काही संत नाही, साखरा. तो पैठणवाला नाव घेऊन आपल्या घाटाला लागला आणि मी सुटलेलो असलो तर त्याच्या नावेचं काय होईल ते मी आज सांगत नाही, कारण हे पत्र तहसिलीच्या कोठडीतून चाललंय.

पत्र लिहिलं ते यासाठी. माझी मिसल, म्हणजे खटल्याचे कागद, बीडला तालुकदारसाहेबांच्या सहीला गेली आहे आणि साहेब दौऱ्यावर आहेत. सही होऊन कागद बंद झाला की मग आप्पा कितीही ओरडले तरी कुणी तो उघडणार नाही. पण आप्पा त्याआधी निघाले, तर वाटेत गेवराई लागते, आणि इथल्या बाजारात त्यांना कळल्याशिवाय राहणार नाही. ते घरीसुद्धा जाणार नाहीत. सरळ आत येऊन साहेबांसमोर उभे राहतील आणि जाळं माझं आहे म्हणतील, कारण खोटं त्यांच्या घशातून उतरत नाही. परवाना जाईल, डोह जाईल, आणि खोटं बोललो म्हणून मी सुटणार नाहीच. तू समजूत घातलीस तर ते ऐकणार नाहीत. म्हणून समजूत घालू नको. दाजींना बाजूला घे आणि सांग की आवतण स्वीकारताना वाण म्हणून जाळं मागा, वडवणीच्या ओढ्यासाठी, आणि ते इथंच, आमच्या ओसरीवर बसून विणून द्या म्हणा. धोंड्याचं आवतण घेऊन आलेल्या सासऱ्याला जावयानं मागितलेलं वाण नाकारता येत नाही. आणि आपल्यात जाळ्याची पहिली गाठ पडली की ते पुरं होईतो विणणारा गावाची शीव ओलांडत नाही. आप्पांनी ही रीत आजवर मोडलेली नाही, तुझ्या आत्याच्या लग्नालासुद्धा ते याच पायी गेले नव्हते. सूत आजच आण. जाळं मोठं मागायला लाव. धोंडे तिथंच करून घाला, पीठ आणि गूळ त्यांनी आणलाच आहे. जाळं पुरं झालं की मग त्यांना सगळं सांग, आणि हेही सांग की अमरदाद एकच असतो. राहता राहिलो मी. सुटलो की हैद्राबादला जाऊन मास्तरांचे पाय धरीन. घेतलं तर उरलेलं शिकून येईन, तू म्हणाली होतीस तसं. तीन वर्षांनी माझी बंदी उठेल, आणि धोंडाही तीन वर्षांनी येतो. तोवर थांब. थांबशील का असं विचारणार होतो, पण मला तसं सभ्यपणानं विचारता येत नाही, म्हणून सरळच लिहितो, थांब. पुढच्या धोंड्याला आप्पा सासरे म्हणून आवतण घेऊन माझ्या दारात आले तर मी त्यांच्याकडं काही मागणार नाही. मला मागायचं होतं ते मी आज तुझ्याकडं मागून घेतलं.

तू नाही म्हणेपर्यंत, आणि म्हणालीस तरी त्यानंतरही तुझाच,
पंडित